बाजेवरून उतरताना

“मग माफी कुणी मागायची, आप्पा? म्या, का तिनं?”

‘तिनं’ म्हणजे भुईनं. बसलिंग मठाच्या अंगणात उभ्यानंच भांडत होता.

झोपेतून उठलं की आधी जमिनीला हात लावायचा, तो कपाळी न्यायचा, ‘माय, पाय ठेवतो, माफ कर’ म्हणायचं आणि मगच पाय टाकायचा. ही सवय त्याला आईनं लावलेली. सात महिन्यांपूर्वी भूकंप झाला आणि तीच आई दगडी भिंतीखाली गेली. तेव्हापासून बसलिंगानं भुईला हात लावला नव्हता.

आज नव्या घराचा पाया घ्यायचा होता. भूमिपूजनाला बसलिंग हात टेकवायला तयार नाही, आणि बायको-पोरगी पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघत होत्या. बायकोनंच त्याला इकडं पिटाळलं होतं.

मठाचे आप्पास्वामी म्हातारे, पण खट्याळ. त्यांचा या पोरावर फार जीव.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “बोलणं तोडलंस ना? मग पुरतं तोड. चढ त्या बाजेवर. पाय खाली सोडायचा नाही.”

बसलिंगही हट्टाचाच. चढला, मांडी ठोकून बसला. आप्पांनी दिलेला चहा त्यानं वरच प्याला आणि कपबशी बाजेखाली ठेवली. आप्पा शेंगा फोडत राहिले. मधूनच चार दाणे त्याच्या हातावर ठेवत.

ऊन अंगणभर आलं. पायांना मुंग्या आल्या. घरी भटजी ताटकळले असतील, बायको वाटेकडं डोळे लावून बसली असेल…

“आप्पा, जाऊ का?”

“जा की. मी कुठं धरलंय?”

बसलिंग कडेला सरकला. पाय खाली सोडण्याआधीच हात खाली गेला. तीस वर्षांची सवय, त्याला विचारायला थांबली नाही.

तळवा टेकला, आणि बाजेखालचा कप बशीत किणकिणला. भुई हलली. इतक्या महिन्यांनीही असे बारीक हादरे येतच होते. लोक उठून पळायचे.

बसलिंग पळाला नाही. हातही काढला नाही. हादरा थांबेपर्यंत तो तसाच वाकून राहिला… डोळे मात्र भरून आले. आईच्या आठवणीनं तो पहिल्यांदाच रडला.

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“हळू पाय ठेव, बाळा. तीही अजून सावरलेली नाही.”