वाघाने मागितल्या बांगड्या

राजा कीर्तिसेनाने सातवा कथेकरीही हत्तीखान्यात धाडला, शेण काढायला!

त्याची अटच तशी होती. "अशी गोष्ट सांगा, की मी स्वतःहून 'पुढे काय?' विचारलं पाहिजे. जमलं तर मागाल ते देईन. नाही जमलं, तर हातात खराटा!" आणि राजाने गोष्टी तर इतक्या ऐकलेल्या, की कुणी "एक राजकन्या होती" म्हणायचा अवकाश, हा म्हणे, "राक्षसाने पळवली, धाकट्या राजपुत्राने सोडवली. ठाऊक आहे!"

सातवा कथेकरी होता गोंदा. त्याची बहीण चिमा कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन तडक दरबारात शिरली.  भावाला शेणात बघून तिचं डोकं फिरलं होतं.

"महाराज, एका गावात वाघ शिरला."

"गाय मारली. ठाऊक आहे!"

"नाही जी. कासारणीच्या ओट्यावर येऊन बसला."

"मग तिलाच खाल्लं!"

"बांगड्या मागितल्या!"

राजाचा विडा तोंडाशीच थांबला. "वाघाने? हां, समजलं! वाघिणीसाठी!"

"स्वतःसाठी. म्हणाला, हिरव्याच हव्यात. आणि पंजा पुढे केला."

प्रधान फिसकन हसला. राजा गादीच्या काठावर सरकला. "थांब, सांगू नकोस! तो शापित राजपुत्र होता!"

"राजपुत्र कसला जी, चांगला मिशाळ वाघ! कासारणीने पंजाला तेल लावलं, दाबून दाबून बांगडी चढवली. तोच वाघ कळवळून ओरडला..."

चिमा थांबली. पेटी उचलून डोक्यावर घेतली. "येते महाराज. सोनारआळीत डोहाळजेवण आहे, बायका खोळंबल्यात."

ती दाराशी पोचली. राजा चुळबुळला, मिशी चावली, उठला, बसला, पुन्हा उठला.

"अगं ए! काय ओरडला? पुढे काय?"

 राजाने जीभ चावली, पण शब्द निसटला होता.

"हरलो!" तो म्हणाला. "माग काय हवं ते!"

"माझा भाऊ आणि बाकीचे सहा जण सोडा."

"सोडले! पण बाई, आता तरी सांग, वाघ ओरडला काय?"

"मला कुठं ठाऊक, महाराज?" चिमा म्हणाली. "मलाच ठाऊक असतं, तर तुम्ही कधीच ओळखलं असतं!"

राजा असा खदखदून हसला, की मुकुट कानावर आला. त्याने तिथल्या तिथे चिमाला सोन्याचं कडं दिलं आणि दरबारची कथेकरीण नेमून टाकलं!