रांगेतले प्रश्न

हे मी सांगायला नको होतं. आमच्या आश्रमात प्रश्न आणि उत्तर दोघांतच राहतं, तिसऱ्याच्या कानावर जात नाही. पण यशोधनदादानं सगळं माझ्या आईला सांगितलं तेव्हा मी शेजारी बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होते. कुणापाशी बोलायचं नाही, असं दोघांनीही मला बजावलं. बोलत नाही, नुसतं लिहिते.

“आणि तू त्याला काय सांगितलंस?” अक्कांनी विचारलं.

“छाप म्हणून सांगितलं.”

“मग?”

“छापत नाही.”

आश्रमाच्या गुरू अक्का दाराशी चटईवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे बाजूला केले, टरफल पदरात टाकलं.

यशोधन संगणकासमोर बसला होता. शेजारच्या स्टुलावर तो जुना प्रिंटर होता. एके काळी पांढरा असावा, आता हळदीच्या हातांनी पुसल्यासारखा पिवळा पडलेला. त्याचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. दिवा लागलेला, वायर जोडलेली, कागद भरलेला. आणि तरी काही नाही.

उंबऱ्यावरचं ऊन खोलीबाहेर सरकलं होतं.

त्या उन्हाकडे यशोधन सकाळपासून बघत होता. सिंदफणेच्या काठी तुरीच्या शेंगा भरल्या, की अक्का दरवर्षी मौनात जातात. चार महिने. आज सूर्य बुडाला की शब्द बंद. त्याआधी आश्रमात राहणाऱ्या प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. पण तोंडानं नाही, कागदावर. बोललेल्या प्रश्नात माणूस आपला आवाज घालतो, आणि मग आपण प्रश्नाला सोडून आवाजालाच उत्तर देतो, असं अक्का म्हणतात. तो कागद त्या स्वतःच वाचतात. डोळे अधू झालेत, चिंचोक्यापेक्षा लहान अक्षर दिसत नाही, तरी दुसऱ्या कुणाला वाचू देत नाहीत.

बाकी सगळ्यांचे प्रश्न आदल्या आठवड्यातच झाले होते. मथुराबाई म्हणजे माझी आई, आश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळते. तिनं आपला प्रश्न जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं लिहून दिला होता. तीन शब्दांचा होता. उत्तर घेऊन ती आली आणि भाकरी थापायला बसली.

यशोधनचा प्रश्न दोन पानी होता. कोळशाच्या जाड अक्षरात लिहायचा तर अंगण पुरलं नसतं.

तसा प्रश्न त्यानं उगाच केला नव्हता. तो संभाजीनगरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. वर्षापूर्वी नोकरी सोडून आला आणि राहिला. वाचन दांडगं. पंगतीत कुणाचा श्लोक चुकला, की घास हातात ठेवून दुरुस्त करायचा. आता त्याच्या बहिणीचा निरोप आला होता, की बाबा उद्या पहिल्या एसटीनं येताहेत, तुला घेऊन जायला. अक्कांनी एकदा ‘राहा’ म्हटलं असतं, तर वडिलांसमोर तो छाती काढून उभा राहिला असता. पण अक्का कधी तसं म्हणाल्या नव्हत्या, आणि यशोधननं विचारलं नव्हतं. ‘मला ठेवून घ्याल का’ असं विचारणं त्याला हात पसरल्यासारखं वाटत होतं. त्यापेक्षा प्रश्नच असा विचारायचा, की वाचता वाचता अक्कांनीच म्हणावं, या मुलाला जाऊ द्यायचं नाही.

त्या प्रश्नावर तो महिनाभर झिजला होता.

आणि तो प्रश्न आता पडद्यावर होता. कागदावर येत नव्हता.

“आधी चालायचा ना हा?” अक्कांनी विचारलं.

“आधी संगणकात दुसरं होतं. आता लिनक्स आहे.”

“ते कोण?”

“कोण नाही, अक्का… संगणक ज्यावर चालतो ते.”

दिवाळीत कुणाचा तरी भाचा आला होता. जुन्या संगणकाला श्वास घेववत नाही म्हणून त्यानं त्यात लिनक्स घातलं, आता दहा वर्षं बघायला नको म्हणाला, आणि फराळ करून गेला. प्रिंटरचं कोण बघणार, असं कुणीतरी विचारलं तेव्हा यशोधन सगळ्यांसमोर म्हणाला होता, त्यात काय, मी बघतो. लिनक्स त्यानं त्याआधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

सकाळी पहिल्यांदा छपाईचं बटण दाबलं तेव्हा प्रिंटरची वायर मागून सैल होती. ती त्यानं नीट बसवली. संगणकानं प्रिंटरला नावानिशी ओळखलं. यशोधनला बरं वाटलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं…

काही नाही.

मग त्यानं संगणकातला प्रिंटर चालवणारा दुसरा ड्रायव्हर निवडून पाहिला. मग तिसरा. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, म्हणून शिडी चढून वर गेला. इंटरनेटवर कुणी कुणी लिहून ठेवलेल्या आज्ञा वाचल्या, त्या पुटपुटत खाली उतरला आणि संगणकाच्या काळ्या खिडकीत टाइप केल्या. खिडकीनं एक ओळ उत्तर दिलं आणि ती गप्प झाली. तो परत टाकीवर गेला. त्याला असा ओठ हलवत अंगणातून जाता-येता बघून आईनं स्वयंपाकघरातून विचारलंच, काय दादा, मंत्र लागू पडंना का?

यशोधन हसला नाही.

दर खेपेला तो छपाईचं बटण दाबून बघत होता. आधी अख्खा प्रश्न पाठवला. मग वाटलं, दोन पानं जड होत असतील, म्हणून अर्धा पाठवला. मग एकच ओळ. मग जे बोटांना सुचेल ते. कागदावर उमटतच नव्हतं, तर काय लिहिलं याला कोण विचारतो?

आता उन्हाची कड अंगणातल्या तुळशीपाशी गेली होती. माउस सारखा त्याच्या हातातून निसटत होता.

“यशोधन.”

“हं.”

“तू बटण दाबलंस, की त्या कोपऱ्यात काहीतरी उजळतं.”

“कुठे?”

“वर. मला अक्षर दिसत नाही, उजेड दिसतो. तो उजळला, की तू लगेच विझवतोस.”

यशोधननं पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात उमटणारी ती छोटी चौकट. ती आली, की तो फुलीवर टिचकी मारून घालवत होता. सकाळपासून.

“ती नुसती सूचना असते, अक्का. अशा सारख्या येतात.”

“काय म्हणते ती?”

“वाचली नाही,” यशोधन म्हणाला.

अक्कांनी आणखी एक शेंग घेतली.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. चौकट उजळली. हात सवयीनं फुलीकडे गेला, तो त्यानं मागे घेतला. वाचलं. प्रिंटर थांबवलेला आहे. कामं रांगेत आहेत. पुन्हा सुरू करायचा का?

एवढंच होतं.

वायर सैल होती तेव्हाच संगणकानं प्रिंटरला थांबवून ठेवलं होतं. तेव्हापासून तो थांबलेलाच होता, आणि संगणक तेवढंच दर वेळी सांगत होता.

यशोधनचे कान लाल झाले. त्यानं होकाराचं बटण दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. मग प्रिंटर घशात घरघरला. तापलेल्या धुळीचा वास सुटला. आणि एक कागद हळूहळू बाहेर आला. काळीभोर, टपोरी, चिंचोक्याएवढी अक्षरं.

यशोधननं तो दोन्ही हातांनी उचलला. मागोमाग दुसरा कागद आला, प्रश्नाचं दुसरं पान. दोन्ही नीट जुळवून त्यानं अक्कांच्या सुपाशी ठेवले आणि वाकून नमस्कार केला. बाहेर ऊन अजून होतं. पोहोचलो, असं त्याला वाटलं.

पाठीमागे प्रिंटर पुन्हा घरघरला.

तिसरा कागद आला. तेच पहिलं पान. मग चौथा.

यशोधन वळला. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं… रांग.

सकाळपासून पाठवलेलं काहीच हरवलं नव्हतं. सगळं आत उभं होतं, आल्या क्रमानं, एकामागे एक. आणि शेवटी शेवटी आपण काय काय लिहून पाठवलं, तेही त्याला आठवलं.

तो वायर उपटायला झेपावला. तेवढ्यात अक्कांचा हात त्याच्या मनगटावर आला. शेंगा सोलून बोटं हिरवी झालेली. हातात जोर काहीच नव्हता.

“येऊ दे,” अक्का म्हणाल्या. “ताटकळलेत.”

कागद येत राहिले. अक्कांनी सूप खाली ठेवलं, एकेक कागद नाकाशी धरून वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. यशोधन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बोर्डाचा निकाल वाचला जातो तेव्हा मुलं उभी राहतात तसा.

“अक्का, पहिली दोन पानं माझा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “बाकीचं नुसतं बघायला पाठवलेलं. ते धरू नका.”

“हो का,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी पहिली दोन पानं वाचली होती. ती घडी न घालता जमिनीवर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर सूप ठेवलं. आणि पुढचा कागद उचलला.

त्यावर अर्धाच प्रश्न होता. त्यापुढच्यावर, ज्ञानी माणसाला कर्म उरतं का, एवढी एक ओळ. मग नुसता ‘अ’. मग ‘अ आ इ’. मग एका कागदावर मधोमध, चाल ना रे. मग, सगळे बघताहेत. मग, मला काहीच येत नाही.

यशोधन खाली बघत होता. फरशीवर एक मुंगळा एक दाणा ओढत चालला होता, त्याच्याकडेच बघत राहिला.

प्रिंटर धापा टाकत थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

बाबा उद्या पहिल्या एसटीनं येतात.

बाबा काय म्हणतील ते मला माहीत आहे.

हा कागद अक्कांनी बराच वेळ नाकाशी धरला. मग विचारलं, “काय म्हणतील?”

यशोधननं सांगितलं. बाबा म्हणतील, चांगली नोकरी घालवलीस. म्हणतील, आईचा विचार केला नाहीस. पुस्तकं वाचून डोकं फिरलं म्हणतील. तो वाचून दाखवल्यासारखं भराभर सांगत गेला, कुठे अडला नाही.

“हे कधी म्हणाले?”

“अजून म्हणाले नाहीत.”

“वर्षभरात बोलणं?”

“टाकीवर गेलो की फोन येतो,” यशोधन म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “मी… बंद करतो.”

बाहेर कुणीतरी गाय आत घेत होतं, तिच्या गळ्यातली घंटा वाजत वाजत गोठ्याकडे गेली. तुळशीवरचं ऊन आता फक्त वरच्या मंजिरीवर उरलं होतं.

प्रिंटरमधून शेवटचा कागद बाहेर आला. मग तो थांबला, आणि आत काहीतरी टक् टक् करत निवत गेलं.

तो कागद यशोधननं उचलायला हवा होता. त्याच्यानं होईना. अक्कांनीच गुडघ्यावर हात टेकून, उठून घेतला. चार शब्द होते. मला इथे ठेवून घ्या.

अक्कांनी ते शब्द वाचले, दोनदा वाचले असावेत. वर्षभर जे विचारलं नाही, ते आता टपोऱ्या अक्षरात त्यांच्या हातात होतं. परत घेता येणार नव्हतं. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. राहा. किंवा, जा. दोन्हींपैकी काहीही चालेल, असं त्याला त्या क्षणी वाटलं, पण लवकर.

मंजिरीवरचं ऊन गेलं. आकाशात थोडा उजेड होता.

अक्का पुन्हा चटईवर बसल्या. तो कागद त्यांनी मांडीवर उलटा ठेवला, तळहातानं सपाट केला, प्रिंटरच्या उबेनं त्याचे कोपरे वळले होते तेही सरळ केले, आणि तो यशोधनपुढे धरून… हो, आले आई, एवढी ओळ संपवते… धरून म्हणाल्या, “ही बाजू कोरी आहे. उद्या पेन तुझ्या बाबांकडे दे.”