शेजाऱ्याच्या दारापर्यंत

एका राज्यात रस्ते होते, पण एकही धड पोचत नव्हता. राजधानी वाढत वाढत माळावर उतरली, माळावर नव्या वस्त्या उठल्या, गाड्या वाढल्या आणि जुन्या वाटेचं पार पीठ झालं. बरं, राजा वाईट म्हणावा तर तसंही नाही. प्रजेच्या करातून भरलेला, केवळ रस्त्यांसाठी राखलेला वाटखजिना त्याच्याकडे होता. पण त्या खजिन्याला शाप होता. राजाच्या आज्याच्या काळी एका प्रधानाने ते सोनं फक्त आपल्या हवेलीपुढच्या फरसबंदीवर उधळलं. तेव्हा खजिन्याचा राखणदार मांत्रिक संतापला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. काय पुटपुटला, कुणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हापासून खजिन्यातलं सोनं वाटेवर पडलं की त्याचा चिखल होई. लोकांनी मागायचंच सोडलं.

त्या वाटेच्या अगदी टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, तुळाजी बेलदार राहत असे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. लेक गोजरा राजधानीपलीकडे दिलेली. तुळाजी एकट्यापुरती भाकरी थापी आणि बोलावंसं वाटलं की छिन्नीशी बोले. वस्ती वाढली, घरं दाराशी आली, पण हा गडी कुणाशी बोलला तर शपथ! यांच्याच गाड्यांनी वाट फोडली, असा त्याचा राग. रागाला कवटाळून बसला खरा, पण आतून फार एकटा होता बिचारा.

अशात गोजराला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा त्या राज्याचा रिवाज. पण सासरहून निरोप आला की असल्या वाटेने पहिलटकरणीला गाडीत घालणार नाही, वाट नीट झाली तर आठव्या महिन्यात धाडू. तुळाजीने निरोप ऐकला, फेटा बांधला आणि तडक वाटखजिना गाठला.

खजिन्याच्या दारावर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसला होता. मांत्रिक गेल्यापासून कुलूप त्याच्याच शब्दाने उघडे. त्याने तुळाजीला तीन गोष्टी आणायला सांगितल्या. पहिली, वाटेवरच्या सर्वांत खोल खड्ड्यात अडकलेली हाक. दुसरी, राक्षसाच्या टेकडीवरचा दगड. तिसरी, त्याच वाटेवर राहणाऱ्या, पण तुळाजीला नावाने ठाऊक नसलेल्या माणसाचं मागणं.

तुळाजी खड्ड्यात उतरला. तळाशी एका वाटसरूची हाक चिखलात रुतून बसली होती. ती त्याने तांब्यात घेतली आणि वर फडकं बांधलं. मग टेकडीवर गेला. राक्षस म्हणाला, एका घावात फुटेल तो दगड तुझा. बेलदाराला काय हो, दगडाची शीर दिसते. एक घाव घातला, दगड सरळ दोन झाला, राक्षसाने मान डोलावली.

तिसऱ्या कामाला मात्र पाय उचलेनात. इतकी वर्षं ज्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या दाराशी कोणत्या तोंडाने जायचं? अर्धा दिवस तो शेजारच्या उंबऱ्यापुढे नुसता घुटमळला. शेवटी कडी वाजवली. दार उघडलं ती हौसा कासारीण. तिने त्याला नीट निरखून पाहिलं.

"बाबा, तुम्ही बोलता? आम्ही समजत होतो, तुम्ही मुके आहात."

तुळाजी शरमेने पाणी पाणी झाला. हौसाने त्याला बसवलं, गूळपाणी दिलं. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. वैद्याचा मेणा दर खेपेला खड्ड्यापाशी येऊन माघारी फिरे. आपल्या दारापर्यंत मेणा यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

तिन्ही गोष्टी घेऊन तुळाजी पुन्हा दारासमोर उभा राहिला. भारद्वाजाने लाल डोळे त्याच्यावर रोखले.

"एका तोंडाचं एकच मागणं. वाट कुणाच्या दारापर्यंत हवी?"

हौसाचं दार त्याच्या दाराच्या अलीकडे होतं. तिचं मागणं घातलं तर पुढचा तुकडा तसाच राहणार, आणि त्याच तुकड्यात सगळ्यांत मोठे दगडधोंडे. गोजराची गाडी अडायची तिथेच. ओठांवर लेकीचं नाव आलं होतं. पण अंथरुणावरची ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलेना.

"हौसा कासारणीच्या," तो म्हणाला.

कुलूप गळून पडलं. सोनं वाटेवर आलं, आणि या खेपेला ते सोनंच राहिलं. मुरूम आला, खडी आली, टेकडीवरच्या दगडाच्या दोन तुकड्यांचे दगडी बैल झाले, त्यांनी रोलर ओढला, आणि हौसाच्या उंबऱ्याशी काम थांबलं. तुळाजी घरी आला, दार लावून बसला. सातवा महिना सरत आला होता. लेक आता येत नाही, असं त्याने स्वतःला सांगून टाकलं आणि बाळंतिणीसाठी विणलेली बाज भिंतीला उभी करून ठेवली.

तिसऱ्या सकाळी बाहेर खडखडाट झाला. दार उघडून बघतो तो दगडी बैल त्याच्या अंगणाकडे वळलेले. हौसा आदल्या दिवशी खजिन्यावर जाऊन आली होती. तिने मागितलं होतं ते बेलदारबाबांच्या दारापर्यंत. मग वाऱ्यासारखी बातमी पसरली. ज्याने त्याने दुसऱ्याच्या दारासाठी मागायला सुरुवात केली, आणि मांत्रिक काय पुटपुटला होता ते कुणी न सांगताच साऱ्या राज्याला कळलं. शाप सुटला. राजाने कायदाच केला की खजिन्यावर जायचं ते शेजाऱ्यासाठी, आणि त्या राज्यात आजही तसंच चालतं.

आठव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, उन्हं कलताना, एक छकडा टेकडीकडे आला. तुळाजी धावत पुढे झाला. गाडीवान आत वळून हाक मारणार, तोच तुळाजीने हात वर केला. गोजरा गवताच्या गादीवर कुशीला वळून गाढ झोपली होती. राजधानीपासून इथवर एक गचका बसला नव्हता तिला.

"नका उठवू," तो हळूच म्हणाला. "निजू दे माझ्या लेकीला."

मग ती आपणहून जागी होईपर्यंत तो छकड्याच्या दांडीला धरून तिथेच उभा राहिला, डोळे पुसत.