टाकाईची वाट

हिवरदरा गावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी मोठे हॉटेल आहे. तिथे परिषदा भरतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले पाहुणे पहाटे बूट बांधून खाली येतात आणि विचारतात, इथे चालायला, धावायला कुठे जाता येईल? तिथली मुले त्यांना तीन रस्ते सांगतात. एक तळ्याभोवतीचा, सपाट. एक हिरवळीच्या कडेचा, फरशी घातलेला. तिसरा डोंगरावर जाणारा. हॉटेलच्या नकाशावर त्याला नुसता 'मार्ग तीन' म्हटले आहे. हे छापणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, म्हणून इथे सांगतो. त्या मार्गाला नाव आहे. ती टाकाईची वाट आहे आणि ती कुणी फुकट दिलेली नाही.

वाट सुरू होते तिथे तान्हूआबा बसलेले असतात. पाहुण्यांना ते आधी श्वास घ्यायला लावतात आणि मग सांगतात. त्यांनी आजोबांकडून ऐकले, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून.

डोंगराच्या माथ्यावर खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे आणि टाक्याशी टाकाई देवीचे ठाणे. उन्हाळ्यात खालच्या विहिरी आटल्या की गाव या टाक्यावर जगायचे. पुढे या मुलखावर एक सरंजामदार आला. त्याला शिकारीची हौस. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येते, तेव्हा पाण्याजवळ माणसाची वर्दळ नको, असे त्याच्या मनात आले. त्याने वाट बंद केली. गाव वाड्यावर गेले, तेव्हा तो हसून म्हणाला म्हणे, "चालेल ती वाट, नाही तर रान. या होळीपासून पुढच्या होळीपर्यंत रोज तुमच्यातला एक माणूस मावळतीच्या आत टाक्याला हात लावून यायचा. एक दिवस चुकला, की रान माझं." आणि टाक्यावर त्याने आपला शिपाई बसवला.

गावाने घरोघर पाळ्या लावल्या. वैशाखात तापलेल्या खडकावर माणसे चढली. आषाढात शेवाळावरून घसरली, रांगत गेली, पण गेली. तापाची साथ आली तेव्हा बरे झालेल्यांनी आजाऱ्यांच्या पाळ्या केल्या. गावातली थट्टासुद्धा त्या वर्षी वाटेचीच होती. जावई आला, तर आधी डोंगर चढून ये, मग पुरणपोळी.

होळी तोंडावर आली आणि गावचे पाटील, येसू पाटील गेले. पहाटे गेले. त्या दिवशीची पाळी त्यांच्याच घरची होती.

गाव जवळजवळ सगळे एका भावकीचे. पाटलाचे सुतक तर गुरवासकट सगळ्यांनाच. सुतकात देवीच्या डोंगरावर पाय ठेवायचा नाही, ही रीत. गावाने इथे एक चूक केली. त्यांना वाटले, मरणापुढे कुणी हट्ट धरत नाही. त्यांनी सरंजामदाराच्या कारभाऱ्याकडे माणूस धाडला आणि सुतकाचे दिवस मोजू नयेत अशी विनंती केली. दहन उरकून लोक नदीवरून परतले, तेव्हा निरोप आला. कारभाऱ्याने सांगितले होते, "सुतक तुम्हाला. वाटेला कसलं सुतक?"

ऊन कलले होते. जाणती माणसे पारावर मान खाली घालून बसली. तेव्हा येसू पाटलांची बायको, हौसा पाटलीण उठली. अंगावर ओले लुगडे, हात बांगड्यांवाचून मोकळे. ती डोंगराकडे निघाली. टाकाईची पूजा करणारा देवजी गुरव आडवा आला. म्हणाला, "पाटलीणबाई, टाकाई कोपंल. टाकं आटंल."

हौसा थांबली. म्हणाली, "टाकं आटलं तर माझ्यामुळं आटलं म्हणा. वाट गेली तर कुणामुळं म्हणाल, देवजी?"

देवजी बाजूला झाला. ती चढू लागली. पहिल्या वळणावर तिला मागे पावले ऐकू आली. तिची सासू येत होती, जिने सकाळीच मुलगा गमावला होता. सासूमागे जावा, जावांमागे सारे गाव. सगळ्यात शेवटी देवजी गुरव.

हौसा टाक्यावर पोचली तेव्हा सूर्य कड्याला टेकला होता. शिपाई उभा राहिला. तिने पाण्याला हात लावला आणि विचारले, "पाहिलंस?"

"पाहिलं, आई," तो म्हणाला.

फाल्गुनात त्या टाक्यातले पाणी तळाच्या पायरीला असते. त्या संध्याकाळी ती पायऱ्या उतरण्याआधीच ते वरच्या पायरीपर्यंत चढले आणि तिच्या पावलांना लागले, असे सांगतात. यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. होळी आली आणि वाट गावाचीच राहिली, यावर वाद नाही.

तेव्हापासून या वाटेवर सुतक पाळत नाहीत. उलट ज्या घरी मरण झाले, त्या घरची बाई तिसऱ्या दिवशी डोंगर चढते आणि तिच्या पुढे कुणी जात नाही. धावणारे पाहुणेही थांबतात, कानातले गाणे काढतात आणि तिच्या मागून चालू लागतात.

काही वर्षांपूर्वी हॉटेलच्या एका व्यवस्थापकाने वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवले. फक्त पाहुण्यांसाठी, सकाळी ठरावीक वेळेत. त्याच आठवड्यात गावात एक म्हातारा गेला. तिसऱ्या दिवशी त्याची सून फाटकापाशी येऊन उभी राहिली. मागे गाव उभे होते. रखवालदार हिवरदऱ्याचा जावई. त्याने फाटक उघडले नाही. बिजागरीतून उचलले आणि करवंदीच्या जाळीत टाकून दिले. व्यवस्थापकाने ते परत बसवायचे म्हटले, तर माणूस मिळेना.

आजही ते तिथेच गंजत पडले आहे. डोंगराची वाट कुठली, असे पाहुण्यांनी विचारले, की हॉटेलातली मुले आता नकाशा काढत नाहीत. हात करून सांगतात, "ते फाटक पडलंय ना, तिथून वर."