चिखल लिंपलेलं साळिंदर

फार वर्षांमागं दोन रानांत फुटबॉलचा अंतिम सामना ठरला. आपला काटा कुणाला टोचू नये म्हणून साळिंदरानं पहाटेच रानदेवीला हात जोडून अंगभर चिखल लिंपला.

खेळ रंगात आला आणि समोरच्या रानाचा कोल्हा त्याच्या शेजारी धाडकन पडला. "मेलो गं आई! काटा घुसला!"

पंच टिटवीनं पळसाचं लाल फूल तोडून दाखवलं. साळिंदर खेळातून बाद!

साळिंदर म्हणालं, "टिटवीताई, चिखलाला कुठं तडा तरी आहे का बघा!"

टिटवीनं निरखून पाहिलं. तिची मान खाली गेली. "नाही रे बाबा. पण तोडलेलं फूल परत झाडाला कसं लावू?"

साळिंदराचं रान हरलं. सोबती हळहळले, "आता तरी अंग धू."

डोळे पुसत साळिंदर म्हणालं, "राहू दे. पुढच्या खेपेला ताई फूल तोडण्याआधी बघतील."