भारद्वाजाच्या घरट्यातले मोती

एका राज्यात, जिथे पाऊलवाटादेखील राजाज्ञेने वळत, अष्टांग नावाच्या मांत्रिकाने एकुलता एक झरा दगडी दाराआड कोंडला. राखणीला बोलका भारद्वाज बसवला. पक्षी तीनदा जे सांगेल ते दारावर गेरूने लिहायचे. तिन्ही वेळा बरोबर आले तर दार उघडेल. चुकला तो तिथेच पाषाण होई आणि पक्ष्याच्या घरट्यात एक मोती वाढे. एकूण मोती किती, हे मांत्रिकालाही ठाऊक नव्हते.

नेमासा मिठाचा व्यापारी. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण तीन बैल आणि एक दोर यांनी त्याला पुष्कळ शिकवले होते. तो दारापाशी आला, तो त्याचा थोरला भाऊ दामासा तिथे उभा! दगडाचा, बोट अजून दारावर टेकलेले.

"या शेटजी!" भारद्वाज घुमला. "तुमच्या घरचे एक बुजगावणे आहेच इथे. जोडी जमवायला आलात?"

"जोडीने घरी जायला आलो, पक्षीराज. बोला."

"मोत्यांहून सात जास्त."

राजाचे ज्योतिषी इथेच बुडाले होते. कोणी मोती शंभर धरले, कोणी हजार. नेमासाने काहीच धरले नाही. बंद गोणी आली की तिच्यावर 'क्ष' काढायचा, हा त्याच्या घरचा रिवाज. आत किती, ते उघडल्यावर कळेल. तोवर क्ष म्हणजे अख्खी गोणी. त्याने लिहिले : क्ष + ७. दार बोटभर सरकले.

"पाच काढ," पक्षी म्हणाला, "मोत्यांतून."

हात पाचाकडे गेलाच होता. इतक्यात दादाच्या दगडी बोटाखालचा पुसट गेरू दिसला : ५ − क्ष. कानावर जे आधी पडले, ते दादाने आधी लिहिले होते. अरे, पाच पायल्यांतून गोणी कशी काढशील? गोणीतून पायल्या काढायच्या! नेमासाने लिहिले : क्ष − ५. दार हातभर सरकले.

"मोत्यांत दोन मिळव. जे होईल, त्याची तिप्पट."

नेमासा हसला. एकदा गोणी आणि वरच्या दोन पायल्या एकत्र न बांधताच त्याने गड्याला "तिप्पट पाठव" म्हटले होते. गिऱ्हाइकाकडे पोचली गोणी एकच, पायल्या मात्र सहा! तेव्हा बापाने कान पिळून सांगितले होते, "आधी गाठ मार, मग पाठव." नेमासाने गोणी आणि पायल्यांभोवती दोरासारखा कंस आवळला, मग तिप्पट केली : ३ × (क्ष + २).

दार गडगडले. आतून अष्टांग ओरडला, "थांब! मोती किती, ते सांग!"

"महाराज, लिहायला सांगितलेत, मोजायला नाही. शिवाय माणूस चुकला की तुमचा मोती वाढतो. कालची मोजणी आज खोटी. माझा क्ष रोज खरा."

तिन्ही उत्तरे खरी ठरली होती; दार सताड उघडले. मांत्रिक मिठाच्या खड्यासारखा विरघळला आणि झरा त्याच्यावरून वाहत बाहेर आला. घरट्यातले मोती एकेक करून फुटले. दर मोत्यामागे एक पाषाण शिंकला, हलला, माणूस झाला.

"मीही सुटलो, शेटजी," म्हणत भारद्वाज रानात उडाला.

दामासाने बोटावरचा गेरू पाहिला. "नेम्या, माझे चुकले कुठे रे?"

"आधी पाणी पी, दादा. वाटेत सांगतो. आणि आजपासून गोणीतून पायल्या तू काढ."