साळूच्या कानातली मैना

एकदा काय झालं, तांबड्या डोंगराखाली एक नगर होतं. तिथे सगळे तांबटच तांबट. उजाडलं की घरोघरी ठक्‌ ठक्‌ ठक्‌! कुठे हंडे, कुठे घागरी, कुठे बंब. त्या नगरात धोंडबा तांबट राहायचा. त्याला एकच मुलगी, साळू.

आता ही साळू कशी होती, माहितीये? तिच्या डाव्या कानात एक मैना राहायची. खरीखुरी, बरं का! मोहरीएवढी. साळूनं भांड्यावर टिचकी मारली की मैना कानात सांगायची, इथे पातळ झालंय, तिथे चीर पडणार आहे. शंभर घागरींतली एक कच्ची घागर साळू डोळे मिटून काढून द्यायची. धोंडबाला वाटायचं, अशी पोर त्रिभुवनात नाही. आणि खरंच नव्हती.

पण त्याच साळूला पाटीवरची अक्षरं धड दिसायची नाहीत. मुंग्यांसारखी सैरावैरा पळायची. आणि सगळे तांबट एकदम ठोकायला लागले की ती कान गच्च दाबून कणगीमागे लपायची.

मग पंतोजी म्हणाले, "एवढी हुशार, आणि साधा 'क' काढता येत नाही? ढोंग आहे सगळं!" मैनेचं एक पीस गळलं.

मग शेजारची चिमाकाकू म्हणाली, "अगंबाई, तांबटाची पोर अन् ठोक्याला भिते! उद्या मासोळी पाण्याला भ्यायची!" दुसरं पीस गळलं.

मग एक दिवस धोंडबाच ओरडला, "साळे, डोकं आहे तुला, पण वापरत नाहीस. आळशी कुठली!" तिसरं पीस गळलं, आणि मैना भुर्रकन उडून डोंगरावर गेली.

साळू जेवेना. हसेना. भांड्याला बोट लावेना. एवढंच म्हणाली, "बाबा, मी मोडकी आहे."

धोंडबानं हातातला हातोडा खाली ठेवला. तसाच उठला आणि डोंगर चढायला लागला. वर पळसाच्या फांदीवर मैना बसलेली.

"मैनाबाई, घरी चल."

"कशाला?"

"राजाचा मोठा हंडा गळतोय. चीर कुणाला सापडत नाही. साळूला सापडेल."

मैनेनं पाठ फिरवली. धोंडबा खाली आला. दुसऱ्या दिवशी परत चढला.

"चल गं. नगरात माझी मान खाली गेली. लोक हसतात."

मैनेनं डोळेच मिटले. तिसऱ्या दिवशी धोंडबा पुन्हा चढला. पळसाखाली मटकन बसला. म्हणाला, "पोर हसत नाही गं. हंडा गळू दे, लोक हसू देत. माझी पोर हसत नाही."

मग मैना खालच्या फांदीवर आली. "धोंडबा, तांबं ठोकतच राहिलं तर काय होतं?"

"कडक होतं."

"तरी ठोकलं तर?"

"तडकतं."

"मग तू काय करतोस?"

"थांबतो. भट्टीत घालतो, मऊ करतो. मगच पुढचा ठोका."

"तुमच्या नगरात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मग पोरीच्याच वेळी कसा विसरलास रे?"

 धोंडबा उतरला तो थेट कणगीमागे जाऊन साळूजवळ बसला. म्हणाला, "चुकलं माझं, बाळा. तू मोडकी नाहीस. अक्षरं पळतात, ही त्यांची खोडी. आपण त्यांना पकडू." मग त्यानं तांब्याचा पत्रा घेतला, गावाबाहेर चिंचेखाली नेला, म्हणजे ठोके साळूच्या कानांना लागायला नकोत. पत्र्यावर ठोकून ठोकून एक मोठ्ठा 'क' उठवला आणि साळूपुढे आणून ठेवला. साळूनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बाबा! हा पळत नाही!"

आणि साळू खुदकन हसली. हसली त्याच क्षणी, भुर्र! मैना कानात.

मग धोंडबानं सगळी बाराखडी पत्र्यावर उठवली. पंतोजींनी बोट फिरवून पाहिलं आणि कान पकडले. स्वतःचे, बरं का! चिमाकाकूनं साळूच्या कानांसाठी मऊ कापसाचे बोळे वळून दिले.

इतक्यात राजाच आला, हंडा घेऊन. साळू म्हणाली, "आज मी दमलेय. उद्या बघते."

शिपाई डोळे वटारायला लागले. पूर्वीचा धोंडबा असता तर म्हणाला असता, ऊठ गं, राजा आलाय. पण आता त्यानं हात जोडले. "महाराज, पोर दमली आहे. आज नाही."

राजा शहाणा होता. ओटीवर बसला, ताक प्यायला, तिथेच घोंगडीवर लवंडला. दुसऱ्या दिवशी साळूनं एक टिचकी मारली आणि कडीखालची केसाएवढी चीर दाखवली. राजानं तिला मुजरा केला. धोंडबानं मात्र विचारलं, "साळू, भूक लागली का गं?"

मग साळू मोठी झाली, मैना म्हातारी झाली, नगर सुखात नांदलं. आता तुम्हीही दमलात ना? मग पांघरूण घ्या बघू. राहिलेलं सगळं उद्या.